साडेपाच किलोचं दार

बाबांनी तीस वर्षं मोटारींची दारं केली आणि साठी उलटल्यावर त्यांना स्वतःच्या गाडीचं दार उघडेनासं झालं. हे वाक्य मी एका पत्रकात लिहिलं होतं. तेव्हा ते मला फार जोरदार वाटलं होतं. लिहून झाल्यावर आपल्यालाच बरं वाटेल असं वाक्य दोनदा तपासावं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. सपाट पत्रा साच्यावर ठेवायचा, वरून प्रेस दाणकन खाली यायचा आणि पत्र्याचं दार होऊन बाहेर पडायचं. एका प्रेसवर दोन माणसं. बाबा अलीकडून पत्रा सरकवायचे, पलीकडून त्यांचा जोडीदार तयार दार ओढून घ्यायचा. त्या आवाजात उभे राहून दोघांचे कान गेले. बाबांचे निम्मे, जोडीदाराचे जवळजवळ पूर्ण. कारखान्यात बाबा युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या मुलुंडच्या घरात वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझा सगळा गृहपाठ झाला. 'कामगार बंधूंनो' हे मी आयुष्यात वाचलेले पहिले शब्द. शाळेत बाईंनी 'माझी आई' विषयावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी शेवटी 'आमच्या मागण्या' असं लिहून खाली चार मागण्या दिल्या होत्या. आईने तो निबंध बरेच दिवस जपून ठेवला. येणाजाणाऱ्याला दाखवायची आणि म्हणायची, "बघा, हिच्या बापाने हिला काय करून ठेवलंय."

बाबांचा आजार उजव्या खांद्यात सुरू झाला. आधी शर्टाची वरची गुंडी लागेना. मग मांडणीवरचा डबा काढता येईना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की स्नायू हळूहळू कामातून जातात, याला औषध असं नाही, कुणाचे लवकर जातात, कुणाचे उशिरा. बाबांनी विचारलं, "गाडी चालवता येईल?" डॉक्टर म्हणाले, "जोवर स्टिअरिंग धरता येतंय तोवर, आणि जवळपासच." बाबांना तेवढंच ऐकायचं होतं.

गाडी म्हणजे जुनी, छोटी, लाल रंगाची. बाबांनी ती निवृत्तीनंतर घेतली होती आणि तिचा उपयोग एकच होता. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ते भांडुपला जोडीदाराकडे जायचे. जोडीदाराचं खुब्याचं हाड मोडलं होतं. चाळीतल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीतून तो बाहेर पडत नव्हता आणि डोळ्यांना वाचणं झेपत नव्हतं. बाबा त्याच्या कानाशी तोंड नेऊन अख्खा पेपर वाचून दाखवायचे. अग्रलेखासकट. आई म्हणायची, "दोन बहिरे मिळून देश चालवतात." माझ्या आजारी बापाचं आठवड्यातलं काम ते एवढंच होतं, आणि ते काम टिकवण्यासाठी आम्ही जे केलं त्याची ही गोष्ट आहे.

आमची इमारत डोंगराच्या बाजूला आहे. आवाराला उतार आहे. आमची गाडी उभी करायची जागा अशी की गाडी डावीकडे कलून उभी राहते. उजवं दार उघडायचं म्हणजे ते चढावर ढकलायचं, आणि हात सुटला की ते स्वतःच्या वजनाने परत येऊन धाडकन बंद होतं. बाबा आत बसून गुडघ्याने दार ढकलायचे आणि उतरता उतरता ते दार त्यांच्या नडगीवर येऊन आदळायचं. एकदा मी त्यांच्या पायाला तेल लावत होते तेव्हा पाहिलं, उजव्या नडगीवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काळेनिळे डाग होते. मी विचारलं तर म्हणाले, "कारखान्याची दारं आहेत ती. ओळख विसरत नाहीत."

मी तेव्हाच ठरवलं की हे बदलायचं.

माझ्या मामाचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणते, त्याचा घाटकोपरला एक गाळा आहे. तो फायबरची कामं करतो. शनिवार-रविवार त्याच्याकडे पोरं छोट्या गाड्या घेऊन येतात. बॉनेट, डिकी, दारं, मडगार्ड असं सगळं पत्र्याचं काढून फायबरचं बसवून घेतात, म्हणजे गाडी हलकी होते आणि पळते. दादा मूळ दाराला मेण लावून त्याचा साचा घेतो, मग साच्यात काचेच्या धाग्याची चटई अंथरून तिच्यावर ब्रशने राळ चढवतो. दुसऱ्या दिवशी लाकडी पाचर मारून सुटं केलं की कागदासारखं दार हातात येतं. गाळ्यात शिरलं की त्या वासाने डोळ्यांत पाणी येतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दादा तोंडाला नुसता रुमाल बांधून फायबर घासत होता. मी त्याला फुप्फुसावर भाषण दिलं. दुसऱ्या खेपेला त्याच्या तोंडावर चांगला मास्क होता. माझी भाषणं तेव्हा अशी लागू पडायची. त्यामुळेही माझं डोकं फिरलं असेल.

"लोक वेगासाठी येतात गं बाय," दादा म्हणाला. "काका माझं पहिलं गिऱ्हाईक, ज्याला तीसच्या वर जायचंच नाही."

"त्यांना स्वतःचं दार स्वतः उघडायचंय," मी म्हटलं. "तेवढंच."

"मग असं दार देतो की फुंकर मारली तरी उघडेल."

दादाने काम मनापासून केलं. बिजागरी, कुलूप आणि आतली आडवी लोखंडी पट्टी मूळचीच ठेवली. ती काढायला तो तयार नव्हता. "धडक बसली तर काय पापुद्रा वाचवणार काकांना?" असं म्हणाला. बाकी सगळा पत्रा गेला. पुढची दोन्ही दारं, बॉनेट आणि डिकी फायबरची झाली. शेजारच्या कांदेबटाटेवाल्याकडून त्याने काटा आणला आणि आकड्याला दोरी बांधून आधी जुनं दार टांगलं, मग नवं. जुनं साडेपंधरा किलो, नवं साडेपाच. मी टाळ्या वाजवल्या. आरटीओच्या परवानगीचा अर्ज, डॉक्टरांचा दाखला, गाडीची तपासणी हे सगळं मी रीतसर केलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी दार चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं आणि सही केली. त्यांचा हात धट्टाकट्टा होता. दादाचाही होता. माझाही होता. त्या दाराला दुबळा हात लावून कोणीच पाहिला नव्हता.

बाबा गाडी बघायला गाळ्यात आले तो दिवस मला पूर्ण आठवतो. ते दाराभोवती फिरले. बोटाच्या पेराने ठकठक केलं. तोंड वाकडं झालं.

"हे दार आहे की पापड?"

"काका, इज्जत नका ना काढू," दादा म्हणाला. "पोरं रांग लावतात याच्यासाठी."

"पोरांना मरायची घाई असते. मला भांडुपला जायचंय."

"बसा तर खरं. करंगळीने उघडा."

बाबा बसले. करंगळीने खरंच उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी त्या दिवशी आनंद म्हटलं आणि अजूनही म्हणेन, कारण तो होता. मग त्यांनी दार ओढून घेतलं. ते आलं, टेकलं, आणि पूर्ण बसलं नाही. त्यांनी परत ओढलं. परत तसंच. दादाने बाहेरून कमरेचा धक्का दिला, तेव्हा ते बसलं.

"रबर नवं आहे, काका. आठ दिवसांत बसेल."

"दार वजनाने बसतं रे," बाबा म्हणाले. "याला वजनच नाही. पत्र्याचं दार आवाज करून सांगतं, बसलो म्हणून. हे काही बोलतच नाही."

"बाबा, तुमचं पत्र्यावरचं प्रेम काही सुटत नाही," मी म्हटलं, आणि दादा आणि मी हसलो. बाबाही हसले. तीस वर्षं दारं केलेला माणूस दाराबद्दल काहीतरी सांगत होता आणि त्याची पोर आणि भाचा हसत होते.

ज्या वजनाने नडगी फुटत होती, त्याच वजनाने आवारातल्या उतारावर दार आपोआप बंद होत होतं. आम्ही त्यांचा त्रास काढून टाकला आणि त्यासोबत त्यांचा मदतनीसही काढून टाकला. हे आज एका ओळीत लिहिता येतं. त्या दिवसांत मला ते दिसलं नाही, कारण मी दुसरंच काहीतरी बघत होते.

मी बघत होते सोसायटीकडे. बाबा खाली उतरले की दोन-चार माणसं धावायची. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी त्यांना बगलेत हात घालून असं उचललं होतं की त्यांचा खांदा आठवडाभर ठणकत होता. दुसरे एक जण दरवेळी म्हणायचे, "कशाला काका या वयात? मुलीला सांगा ना." माझा संताप व्हायचा. एखाद्याला मदत करायची म्हणून त्याचं सामान हिसकावून घ्यायचं, त्याच्या डोक्यावरून त्याच्या मुलीशी बोलायचं, याला मी दया म्हणत नाही, दांडगाई म्हणते. आजही म्हणते. ते मत मी मागे घेतलेलं नाही.

मी पत्रक काढलं. खाली जिन्याशेजारच्या फळ्यावर लावलं आणि प्रत्येक घरात टाकलं. त्यात ते दाराचं वाक्य होतं. शेवटी होतं: 'यापुढे त्यांना गाडीत चढता-उतरताना, दार उघडता-लावताना कोणीही हात लावू नये. त्यांचं काम ते करतील. आपण फक्त वाट पाहायला शिकू या.' बाबांनी मसुदा वाचला होता. एका ठिकाणी 'कृपया' लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं. "हक्क मागताना कृपया नको," म्हणाले. पूर्वीसारखं दोघं मिळून पत्रक लिहिल्याचा आम्हाला दोघांनाही आनंद झाला होता.

आईने ते वाचलं आणि म्हणाली, "सगळं खरं. पण एखाद् दिवशी त्यांना कुणाच्या हाताची गरज लागलीच तर?"

"तर मागतील."

"तुझा बाप? मागेल?"

मी खाली जाऊन वॉचमनकाकांना वेगळं सांगितलं. ते मालवणकडचे, म्हातारे, बाबांशी गप्पा मारणारे. त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही सगळ्यात जवळ असता. बाबा तुमच्याकडे मदतीचा हात मागतीलसुद्धा, भिडेखातर. तरी द्यायचा नाही. एकदा सवय लागली की हात चालेनासा होईल."

"बरां," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं."

असं करून स्नायू टिकतात असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते पटत होतं, म्हणून ते खरं होतं.

त्यानंतर महिनाभर सगळं छान चाललं. निदान मी कामावरून आले की तसं समजायचे. बाबा मंगळवारी, शुक्रवारी गेले, आले. भांडुपला चाळीसमोर रिक्षा उभ्या असतात, तिथले रिक्षावाले निघताना त्यांचं दार लावून द्यायचे. माझं पत्रक भांडुपला पोचलं नव्हतं.

मग एका शुक्रवारी दुपारी फोन आला.

स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत डावीकडे वळताना गाडीचं उजवं दार उघडलं. ते घरापासूनच अर्धवट लागलेलं होतं, पहिल्या खिट्टीवर. बाबांनी दार पकडायला चांगला हात, म्हणजे डावा, स्टिअरिंगवरून काढला. उजव्या हातात जोर नव्हता. गाडी सरळ जाऊन कडेला उभ्या असलेल्या रिकाम्या रिक्षावर आदळली. सीटचा पट्टा लावलेला होता म्हणून बाबांना मुका मार लागला, तेवढाच. बॉनेट अंड्याच्या टरफलासारखं फुटलं. रिक्षावाला चहाचा ग्लास हातात घेऊन शिव्या देत आला आणि बाबांना बघून तोच ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. पण रिक्षाच्या पुढे दोन हातांवर एक बाई होती, तिच्या पाठीवर शाळेचं दप्तर आणि हाताला मुलगी. बाबांनी ती मुलगी पाहिली होती. मी पोचले तेव्हा ते फुटपाथवर बसून होते आणि मला म्हणाले, "लाल रिबिनी होत्या."

घरी आल्यावर त्यांनी किल्ली आईच्या हातात दिली. आईने ती पिठाच्या डब्यामागे ठेवली.

मी दादाला फोनवर वाट्टेल ते बोलले. कुलूप खराब आहे, तू निष्काळजी आहेस, पोरांच्या खेळण्यातलं सामान माझ्या बापाला लावलंस. दादाने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने कुलूप उघडून तपासलं. ते ठीक होतं. मग तो आत बसला, उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने आडवं होऊन दार ओढून बघितलं. सात-आठ वेळा. एकदाही बसलं नाही. बाहेर येऊन म्हणाला, "वाट लावली गं मी. फक्त कमी करत गेलो."

त्याने फुटलेलं बॉनेट बदललं आणि दाराच्या तळाशी आतून लोखंडी पट्ट्या बसवल्या. तीन किलो वाढले. उतारावर सोडलं की दार आपलं आपण जाऊन बसायला लागलं, आणि उघडायलाही जड नव्हतं. असं दार पहिल्यांदाच करता आलं असतं. बाबांना खाली नेऊन दाखवलं. त्यांनी ते उघडलं, सोडलं, आवाज ऐकला. "आता बरोबर आहे," म्हणाले, आणि लिफ्टकडे वळले.

"चालवा ना एकदा, बाबा. आवारातल्या आवारात."

"नको बाय. त्या मुलीला मी काय सांगू, आता दार सुधारलंय म्हणून?"

त्या शुक्रवारची उरलेली गोष्ट मला वॉचमनकाकांकडून कळली. दोन-तीन आठवडे ते माझ्याशी बोलणं टाळत होते. शेवटी मीच विचारलं की काय झालंय. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"ताई, त्या दिवशी त्यांनी माका हाक मारलेली. दार लाव रे जरा, म्हणाले. मी हितंच होतो, दहा पावलांवर."

"मग?"

"तुम्हीच सांगितलंत ना, मागितला तरी द्यायचा नाही. मी म्हटलं, ताई रागावतील. ते हसले नि म्हणाले, बरोबर आहे, बरोबर आहे. मग आपणच ओढलं नि गेले." मग म्हणाले, "त्याच्या आदल्या मंगळवारीही मदत मागितलेली."

मी वर गेले. बाबा खिडकीशी बसले होते. मी त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन विचारलं, "तुम्ही मला का नाही सांगितलंत, दार बसत नाही म्हणून? मी फळ्यावरून पत्रक काढलं असतं. एका मिनिटात काढलं असतं."

"आपलं पत्रक होतं ते," बाबा म्हणाले.

"म्हणून काय झालं?"

"जेमतेम महिना झाला होता लावून. सगळी बिल्डिंग वाचत होती. ज्याच्यासाठी काढलं त्यानेच मोडलं तर तुझ्या शब्दाला कोण विचारेल पुढे?" मग म्हणाले, "आणि चांगलं लिहिलं होतंस."

माझ्यावर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मला वाद घालता येतो. त्यांच्या त्या शेवटच्या वाक्याशी वाद कसा घालायचा हे मला आजही कळलेलं नाही, आणि आता बाबा नाहीत. मी त्यांचा मान राखायला निघाले होते, आणि शेवटी त्यांनीच माझा मान राखला, अर्धवट लागलेल्या दारामागे बसून. मी ज्यांना दांडगट म्हणत होते त्या शेजाऱ्यांनी निदान त्यांचा फक्त खांदाच दुखावला होता.

मंगळवार-शुक्रवार बंद झाले. बाबा सकाळी पेपर घेऊन बसायचे आणि पहिल्या पानावरच त्यांची नजर थांबून राहायची. भांडुपहून जोडीदाराच्या सुनेचा फोन यायचा, "मामंजी विचारतात, काका कधी येणार? रोज विचारतात." आई सांगायची, येतील हं. एक दिवस आईने डब्यामागची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. "तुला गाडी येते ना? की त्याच्याविरुद्धही काही लिहिलंयस?"

पुढच्या शुक्रवारी मी रजा टाकली. बाबा डाव्या बाजूला बसले. त्यांचा पाय आत आला, पदर सावरावा तसा त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर घेतला. मी दाराशी उभी होते. दार माझ्या हाताला लागून होतं. मला ते लावता येईना. बाबा समोर काचेतून बघत होते. वॉचमनकाका फाटकातून आमच्याकडे बघत होते. मग मी विचारलं, "लावू?"

"लाव की," बाबा म्हणाले. "शुक्रवार संपेल."

भांडुपला चाळीसमोर गाडी उभी केली. दोन महिन्यांत बाबांच्या पायातलाही जोर कमी झाला होता, हे मला घरातल्या चार खोल्यांत आणि लिफ्टमध्ये दिसलं नव्हतं. चाळीचा लाकडी जिना उभा आहे, कठडा एकाच बाजूला, तोही उजव्या. बाबांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, डाव्या हाताने कठडा धरायला अंग वळवलं आणि थांबले. दुसरं पाऊल उचलेना. वरून जोडीदाराचा आवाज येत होता. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो सगळ्या चाळीला ऐकू जातो. "आला काय? गाडी वाजली. आला काय रे?"

दोन रिक्षावाले पुढे आले. एकाने चहाच्या टपरीवरची प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली होती. "काका, बसा. दोन मिनिटांत वर."

बाबा बसले नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आधी मला वाटलं, त्यांना लाज वाटतेय. मग कळलं. ते विचारत होते. ज्या माणसाने मालकांना, साहेबांना, पोलिसांना कधी विचारून काही केलं नाही, ज्याने माझ्या मसुद्यातला 'कृपया' खोडला, तो मदत घेऊ का म्हणून माझ्याकडे बघत होता. मीच त्यांना तसं करायला लावलं होतं.

"उचला त्यांना," मी रिक्षावाल्यांना म्हटलं. आवाज बाहेर आला नाही.

"मोठ्याने बोल," बाबा म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

"उचला!" मी ओरडले. "सांभाळून. उजव्या खांद्याला धरू नका. डावीकडून घ्या."

बाबा खुर्चीत बसले. रिक्षावाल्यांनी 'गणपती बाप्पा' म्हणावं तसं एकमेकांना एक-दोन-तीन म्हटलं आणि खुर्ची उचलली. तिसऱ्या पायरीवर बाबांच्या पायातली एक चप्पल खाली पडली. एक रिक्षावाला म्हणाला, "काका, तुम्ही तर एकदम हलके हो." मी चप्पल उचलली आणि त्यांच्या मागून जिना चढायला लागले. वरून अजून ओरडणं चालूच होतं, आला काय, आला काय. कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, पण बाबांचा श्वास लागला होता आणि माझाही.